चहाचा थर्मास, पाण्याचा थर्मास

सोमवारी बदलीचा आदेश आला. शुक्रवारी कॅज्युअल्टीतली एक नर्स जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही. शनिवारी माझी बायको ड्युटीवर गेली, तेव्हा तिच्यासोबत दुसरी नर्स नव्हती.

त्यानंतर तिने काही वर्षं नोकरी केली, निवृत्त झाली, आजारी पडली आणि गेली. लोक भेटायला येतात, आजाराबद्दल विचारतात. मी सांगतो, ते मान हलवतात. पण ते उठून गेल्यावर माझं मन आजारापाशी थांबत नाही. ते त्या शनिवारापर्यंत मागे जातं आणि तिथूनही मागे, त्या खोलीत दोघी होत्या त्या दिवसांत जाऊन बसतं.

आमचं गाव तालुक्याचं, समुद्राकाठचं. मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. वाचनालय आणि सरकारी दवाखाना यांच्यामध्ये एक गल्ली आणि एक फणसाचं झाड. सकाळी वाचनालय उघडण्याआधी दवाखान्यात दोन थर्मास पोचवणं हे माझं काम होतं. निळ्यात चहा, तो दोघी नर्सांसाठी. लालमध्ये कडक तापवलेलं पाणी, ते पेशंटसाठी.

पाण्याचं थोडं सांगायला हवं. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीतून जाळं सोडत समुद्रात अर्धा वळसा घालायचा आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून सगळ्यांनी ते किनाऱ्याकडे ओढायचं. ओढणारे गुडघाभर, कधी कमरेइतक्या पाण्यात उभे असतात. तिथेच वाळूत पाकट दबून बसलेला असतो. चपटा मासा, शेपटीला काटा. त्याच्यावर पाय पडला की वादळात होडी हाकणारा माणूसही मोठ्याने रडतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे गरम पाणी. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसवायचं, वेदना उतरेपर्यंत. जखम धुणं, आत काटा राहिला का ते पाहणं, इंजेक्शन, हे सगळं त्याच्या पुढे-मागे.

ऐकायला सोपं वाटतं. पण पाणी निवतं. निवलं की उपयोग नाही, फार गरम झालं की चामडी भाजते, आणि ठणकणाऱ्या पायाला तो फरक कळत नाही. म्हणून शेजारी कोणीतरी बसावं लागतं. त्याने आपला हात बुडवून बघायचं, थोडं पाणी काढायचं, थोडं ओतायचं, पुन्हा बघायचं. या कामाला औषध लागत नाही की यंत्र लागत नाही. बसायला एक माणूस लागतो.

कॅज्युअल्टीत एक विजेची किटली होती. तिची कॉइल जळली. नवी मागवली होती. ती येणार आहे हे आम्ही इतकी वर्षं ऐकलं की किटली हा आमच्या घरातला विनोद होऊन बसला. बायको ड्युटीवरून आली की मी विचारायचो, "किटली इली?" ती चपला काढत म्हणायची, "निघाली हा. चलत येता." तोवर लाल थर्मास.

दोघी होत्या तेव्हा त्या खोलीला एक लय होती. दुसरी नर्स बंदरावरच्या मुसलमान घरातली. वडिलांचा सुक्या मासळीचा व्यापार, घरात भाऊच भाऊ, त्यामुळे जीभ धारदार आणि हात त्याहून चलाख. शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्यांना ती बोलण्यात गुंगवून सुई लावून मोकळी व्हायची. माझी बायको सावकाश काम करणारी, मसुऱ्याच्या शेतकरी घरातली. ती बसायची. हे त्यांनी कधी ठरवून घेतलं नव्हतं. एक फिरायची, एक बसायची. दम लागलेल्या बाईजवळ, पडलेल्या पोराच्या आईजवळ आणि पाकट लागलेल्या माणसाच्या पायाशी, पाण्यात हात घालून.

एका सकाळी मी थर्मास घेऊन गेलो, तेव्हा असाच एक जण घमेल्यात पाय टाकून विव्हळत होता.

"बाय, पाय कापून टाक, पण ह्यां थांबव."

"कापलो तर उद्या रापणीक काय हातार उभो रवतलंस?" बायकोने पाण्यात हात फिरवत विचारलं. "रड रे खुशाल. हय तुका कोण बघणा नाय. बायल भायर आसा."

तो रडता रडता हसला. दुसरीने तेवढ्यात माझ्या हातातला निळा थर्मास घेऊन कपात ओतला आणि घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"भावजी, चायत साखर घालूक इसारलात, काय बायलेचो राग माझ्यार काढतास?"

"पी गो गपचूप," बायको खालूनच म्हणाली. "तुझ्या घोवान कधी चाय करून दिल्यान तुका?"

"दिल्यान मा. लग्नाच्या आधी. त्येच्यारच तर फसलंय!"

त्या काळात निळा थर्मास घरी रिकामा यायचा. तळाशी ओली चहापूड, कधी आत कोणीतरी विसळून भरलेलं पाणी. मी तो धुवायचो आणि पालथा घालायचो. रिकाम्या थर्मासकडे माणूस लक्ष देत नाही. आता मला वाटतं, आमच्या संसारातली ती सुखाची खूण होती.

शनिवारनंतर तो भरलेला यायला लागला.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आज गडबड असेल. मग रोजच. कधी वरचा एक कप कमी, कधी झाकणही उघडलेलं नाही. ती काही सांगायची नाही, पण संध्याकाळी मोरीत निवलेला चहा ओतताना तिचा दिवस मला कळत असे. अर्धा गेलेला असेल तर दिवस बरा. जशाच्या तसा असेल तर मी जास्त बोलायचो नाही, भात लावायचो.

तक्रार म्हणून ती बोलत नसे. जेवताना एखादं वाक्य यायचं. आज केसपेपरही तिनेच लिहिले. ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलायला मामा, म्हणजे वॉर्डातला शिपाई, नव्हता, मग तिनेच ढकललं. फोन वाजत राहिला आणि तो घ्यायला टाके घालणाऱ्या डॉक्टरांना ग्लोव्ह काढावा लागला. डॉक्टर तरुण होता, शिकून नुकताच बाहेर पडलेला. तोही एकटाच. बाहेर ओपीडीची रांग, आत हे. त्याच्याबद्दल ती नेहमी मायेने बोलायची. "त्या पोरान आज कायेक खावक नाय," असं म्हणून स्वतः पोळी तशीच ठेवायची.

एकदा म्हणाली, "आता मी बसाक इसारतलंय."

मी पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "म्हणजे?"

"पेशंटच्या बाजूक गो बाय म्हणान बसलंय की दाराकडे बघूचा लागता. बसल्यासारख्या वाटाचा नाय."

माझ्याशीही ती कधी कधी 'गो बाय' म्हणून बोलायची, दिवसभराची सवय. मी हसलो, तीही हसली. पण ते वाक्य मला विसरता आलेलं नाही. तिला पगाराचं, सुट्टीचं, बढतीचं फारसं काही नव्हतं. तिला आपलं बसणं जायला नको होतं. तेवढंच ती जपत होती, आणि तेच हातातून निसटत होतं.

मग तो दिवस आला. त्या सकाळी मी थर्मास ठेवून बाहेर पडतच होतो, तेव्हा रापणीवरच्या एका तरुण गड्याला त्याचा भाऊ खांद्यावर हात टाकून घेऊन आला. पायाला पाकट लागला होता. बायकोने घमेलं मांडलं, लालमधलं पाणी ओतलं, नळाचं घातलं, मनगट बुडवून पाहिलं आणि त्याचा पाय आत ठेवला. "पाय भायर काढू नको हां, मी सांगीपर्यंत," असं तिने सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. मग मी वाचनालयात गेलो.

पुढचं तिने मला संध्याकाळी सांगितलं, लाल थर्मास धुताना, माझ्याकडे पाठ करून.

काजूच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायकांचा टेम्पो वळणावर उलटला होता. एकदम सगळ्या आल्या. कोणाचं डोकं फुटलेलं, कोणाचा हात लोंबकळणारा. ती घमेल्यापासून उठली. उठताना भावाला म्हणाली, पाणी निवलं तर मला हाक मार. त्याने हाक मारली असेलही, त्या रडारडीत कोणाला ऐकू येणार? समोर लाल थर्मास होता. पाणी निवलंय असं भावाला वाटलं. गरम पाण्याने बरं वाटतं हे गावात सगळ्यांना ठाऊक. त्याने थर्मास उचलला आणि उरलेलं सगळं पाणी सरळ पायावर ओतलं.

आणि पाण्यातल्या माणसाने पाय काढला नाही.

ती परत आली तेव्हा त्याने ओठ दाताखाली धरले होते. पायाच्या वरच्या बाजूला फोड उठत होते. तिने पाय ओढून बाहेर काढला आणि ओरडली, "काढूचो नाय पाय? जीव खंय गेलेलो तुझो?"

तो म्हणाला, "बाय, तुमी सांगलात काढू नको, म्हणान नाय काढलंय."

हे सांगून झाल्यावर तिने थर्मास पुन्हा धुतला. धुतलेलाच होता. दुसरा कोणी असता तर त्याने पाय झाडून शिव्या घातल्या असत्या. याने भाजत असताना तिचा शब्द पाळला. ती जवळ नसतानाही तिचा शब्द तिथे बसून होता आणि त्या शब्दाला पाणी गरम की गार ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या साहेबांनी, म्हणजे मुख्य डॉक्टरांनी, तिला बोलावलं. साहेबांसमोर सगळे बोलतात तसं तीही प्रमाण मराठीत बोलली.

"सिस्टर, तुमचं लक्ष असायला हवं होतं."

"लक्ष होतं, सर. पण ते टेम्पोतल्या बायकांकडे होतं."

साहेब वाईट नव्हते. ते स्वतः आदल्या दिवशी ऑफिसातलं काम टाकून धावत आले होते आणि त्यांनीच त्या लोंबकळत्या हाताला आधार बांधला होता. ते म्हणाले, "दुसऱ्या नर्सचं मी वर कळवलेलं आहे."

घरी येऊन तिने मला हे सांगितलं आणि पुढे जोडलं, "किटलीच्या वांगडाच येतली ती. दोघी एका गाडीन."

त्या संध्याकाळपासून ड्युटी सुटली की ती त्या गड्याच्या घरी ड्रेसिंग करायला जाऊ लागली. कोणी सांगितलं नव्हतं. वाचनालय तोवर बंद झालेलं असायचं म्हणून मी सोबत जायचो. किनाऱ्याच्या बाजूची वस्ती, अंगणात वाळत टाकलेली जाळी, त्यांच्या मधून पाय टाकत जायचं. पहिल्या दिवशी त्याची आई दारातच उभी होती.

"इलीस? माझ्या झिलाक उकडून काढलंस, आता मलम लावूक इलीस?"

"होय गो आये," बायको म्हणाली. "आता वाट दी, माका बघूंदे."

म्हातारीने वाट दिली. ड्रेसिंग होईपर्यंत ती बडबडत राहिली, सरकारला, पाकटाला, थोरल्या मुलाच्या अकलेला आणि मध्येच मला. "ह्यो कोण? नुसतो बसान रवता तो?" मी ग्रंथपाल आहे असं कळल्यावर "म्हणानच" म्हणाली. ड्रेसिंग संपलं तसा तिने चहाचा पेला बायकोच्या पुढे सरकवला.

"घे. थय दवाखान्यात गावता काय चाय?"

"गावता गो. पिऊक गावणा नाय."

आणि मग माझ्या बायकोने तो चहा प्यायला. सुपारीच्या झावळ्यांनी शाकारलेल्या पडवीत, भिंतीला टेकून, पाय लांब करून. भरपूर साखरेचा, जवळजवळ काळा चहा, तळापर्यंत. मी बाजूला मांडीवर पुस्तक ठेवून बसलो होतो आणि पान उलटत नव्हतो. तिला चहा संपवताना मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही जात राहिलो, जखम भरेपर्यंत. आज तो काळ आठवला की अपराधासारखं काही वाटत नाही, उलट मला ते दिवस हवेसे वाटतात. कॅज्युअल्टीत ती दिवसभर कशी असेल याचा मी त्या शनिवारपासून फक्त निवलेल्या चहावरून अंदाज केला होता. त्या पडवीत मला ती दिसली. तिच्यापुढे एकच पेशंट होता आणि दाराकडे बघायचं नव्हतं. पट्टी सोडताना ती आधी पाण्याने भिजवायची, मग थांबायची, मधल्या वेळात त्याला रापणीला काय मिळालं ते विचारायची. तो सांगत असताना पट्टी सुटून यायची आणि त्याला कळायचंही नाही. घाई नसली की ती किती चांगली नर्स होती, हे मी लग्नाच्या इतक्या वर्षांनी तिथे बसून पाहिलं.

तिथेच तिने एक नेम घालून दिला. थोरला भाऊ तोंड लपवून अंगणात वावरत असायचा. तिने त्याला जवळ बोलावलं, म्हातारीकडून गरम पाणी मागून घेतलं आणि घमेल्यात ओतलं.

"हात घाल."

"माका कित्याक?"

"घाल म्हणतंय मा. सोसता? किती येळ सोसता ता बघ. आधी आपलो हात, मगे त्येचो पाय. आपणाक सोसाचा नाय ता दुसऱ्याच्या पायार घालूचा नाय. आणि एकदा घालून सुटाचा नाय, बसान रवाचा."

म्हातारी हे ऐकत होती. तिने दुसऱ्याच दिवशी शेजारणीला ते शिकवलं, वर आपल्या थोरल्याची फजिती मीठमसाला लावून सांगितली. वस्तीत हसू झालं आणि हसण्याबरोबर नेम पसरला. गावात असंच पसरतं, भिंतीवर लावलेली सूचना कोणी वाचत नाही.

पुढे पाकट लागलेला माणूस कॅज्युअल्टीत आला की त्याच्यासोबत एक माणूस केवळ बसायला येऊ लागला. स्वतःहून हात पाण्यात घालायचा. बायको येता-जाता बोटं बुडवून बघायची आणि पुढे जायची. त्यामुळे तिला बरं वाटत असे. एकदा मात्र म्हणाली, "लोकांनी माझां काम घेतल्यानी. आता वरून कोण कशाक नर्स धाडतलो?" ती ते चेष्टेत म्हणाली, पण चेष्टा तिथेच संपली. निळा थर्मास तेव्हाही भरलेलाच येत होता. किनाऱ्यावरच्या लोकांनी एक बसणं सांभाळलं होतं. दम लागलेल्या म्हातारीजवळ, पडलेल्या पोराच्या आईजवळ बसायला कोण होतं?

बायको निवृत्त झाली तेव्हा निरोपसमारंभाला बदली होऊन गेलेली मैत्रीण जिल्ह्याहून मुद्दाम आली. केस पिकले होते, जीभ तशीच. चहाचा कप हातात घेऊन तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भावजी, साखर?" त्या दिवशी दोघी जुन्या खोलीत जाऊन बसल्या. पेशंट नव्हता. निळा थर्मास त्यांच्यामध्ये होता. मी दारातून पाहिलं आणि आत गेलो नाही. तो थर्मास त्या दिवशी रिकामा घरी आला.

लाल थर्मास मात्र बायकोने आणला नाही. नवीन आलेल्या नर्सच्या हातात देऊन तिला एवढंच म्हणाली, "किटली येईसर ऱ्हवांदे."

बायको गेल्यावर दिवसकार्य झालं त्या दिवशी मैत्रीण पुन्हा आली. घरात पाहुणे होते, पण ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहा टाकला. डबा उघडून साखर घालताना म्हणाली, "आज मी घालतंय. तुमच्यार इश्वास नाय." मग ओट्याला टेकून तिने पदराने डोळे पुसले. मीही तिथेच उभा राहिलो. चहा गोड झाला होता.

परवा सकाळी मी किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो. रापण ओढून झाली होती, बायका मासळी वाटून घेत होत्या. एक जण वाळूवर पाय धरून बसला होता. जवळच्या घरातून टोपात गरम पाणी आलं. एक बाई ते ओतायला वाकली तर दुसरी ओरडली, "आधी हात घाल गो!" तिने हात घातला, चटकन काढला, पाणी घातलं, पुन्हा हात घातला. मग पाय आत गेला. रिक्षा येईपर्यंत ती बाई तिथेच पाण्यात हात ठेवून बसून राहिली. हे कोणी शिकवलं ते तिला माहीत नसावं. मी विचारलं नाही.

परत येताना दवाखान्यावरून आलो. कॅज्युअल्टीत दिवसाच्या ड्युटीला आता जी नर्स आहे ती एकटीच आहे. दुसऱ्या नर्सची जागा रिकामी आहे. किटली आलेली नाही. लाल थर्मास तिथे टेबलावर आहे, निळा माझ्या घरी आहे.